वस्तीची गाडी आणि रिकाम्या फेरीचे गणित

खानापूर तालुक्यातील आमच्या गावात रात्री साडेआठच्या सुमारास शेवटची बस येत असे आणि ती परत जात नसे. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत ड्रायव्हर गाडी दोनदा मागेपुढे करून तिचे तोंड बेळगावच्या दिशेला वळवून ठेवी, कंडक्टर पैशांची पिशवी उशाशी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात अंथरूण पसरी, आणि सकाळी काचेवरचे दव फडक्याने पुसून झाले की एक लांब हॉर्न वाजे. तो हॉर्न म्हणजे गाडी सुटायला दहा मिनिटे उरली असा सगळ्या गावाचा समज होता आणि तो सहसा खोटा ठरत नसे. या गाडीला सगळे वस्तीची गाडी म्हणत. रात्री एवढी मोठी गाडी इथे उभी ठेवून या दोघांनी डासांत का झोपावे, हे मला लहानपणी कळत नसे. त्यामागे वाहतुकीचे एक फार साधे गणित आहे आणि ग्रामीण भागातील शाश्वत वाहतूक समजून घ्यायची असेल तर तिथूनच सुरुवात केलेली बरी.

समजा, आगारापासून गाव ३२ किलोमीटरवर आहे. संध्याकाळी शहरातून गावाकडे येणारे प्रवासी भरपूर असतात आणि सकाळी गावातून शहराकडे जाणारे भरपूर असतात. उलट दिशेला मात्र त्या वेळी कोणीच नसते. गाडी रात्री गावात थांबली नाही, तर तिला संध्याकाळची माणसे सोडून ३२ किलोमीटर रिकामे परतावे लागते आणि पहाटे पुन्हा ३२ किलोमीटर रिकामे यावे लागते. म्हणजे रोज ६४ किलोमीटर कोणाच्याही उपयोगाचे नाहीत. डिझेल बस लिटरला साधारण पाच किलोमीटर जाते असे धरले तर रोजचे पावणेतेरा लिटर आणि वर्षातील ३०० दिवसांचे जवळजवळ ३,८०० लिटर डिझेल केवळ गाडीची जागा बदलण्यात जळते. एका गाडीच्या रात्रीच्या मुक्कामाने हे सारे वाचते आणि त्यासाठी कोणतेही नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

शाश्वत वाहतूक हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर हिरव्या रंगाची, विजेवर चालणारी बस उभी राहते. तिचा विचार पुढे येईलच. पण विरळ वस्तीच्या प्रदेशात वाहतूक टिकते की नाही हे सर्वांत आधी एका प्रश्नावर ठरते: गाडी जेवढे किलोमीटर धावते, त्यांत ती सरासरी किती भरलेली असते? वाहतूक महामंडळांच्या भाषेत याला भारमान म्हणतात. बसमध्ये ५० आसने असतील आणि सरासरी ३० भरत असतील, तर भारमान ६० टक्के झाले. खर्च, धूर आणि फेरी चालू राहण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी भारमानाला बांधलेल्या आहेत.

धुराचेच पाहू. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पेट्रोलच्या लिटरमागे सुमारे २.३ किलो. (लिटरभर इंधनाचे वजन किलोपेक्षाही कमी असताना अडीच किलो वायू कसा निघतो, असा प्रश्न मला विद्यार्थी हमखास विचारत. उरलेले वजन हवेतल्या प्राणवायूचे असते.) या हिशेबाने डिझेल बस किलोमीटरमागे साधारण ५४० ग्रॅम वायू सोडते. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल किलोमीटरमागे ४६ ग्रॅम सोडते. म्हणजे बसमध्ये किमान १२ माणसे असतील तेव्हा कुठे ती एकट्या मोटारसायकलस्वाराच्या बरोबरीला येते, आणि मोटारसायकलवर दोघे असतील तर बसला २४ माणसे हवीत. आपल्याकडे मोटारसायकलवर दोघेच असतात असे म्हणणे हा मोठा आशावाद झाला, पण तो मुद्दा अपघातांच्या विषयात जातो. चाळीस माणसांची बस मात्र माणशी तेरा-चौदा ग्रॅमवर येते आणि मग मोटारसायकल, मोटार कोणीच तिच्या जवळपास फिरकू शकत नाही. सारांश, भरलेली बस हे गावाकडचे सर्वांत स्वच्छ वाहन आहे आणि पाच माणसांची बस हे फार अस्वच्छ वाहन आहे. दोन्ही वेळा गाडी तीच असते.

एकाच जिल्ह्यातले दोन प्रदेश

बेळगाव जिल्हा १३,४१५ चौरस किलोमीटरचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४७ लाख ७९ हजार लोकसंख्येचा आहे. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला एकच उपाय लागू पडत नाही. निपाणी, चिकोडी, अथणी या बाजूला गावे मोठी, एकमेकांना लागून आणि ऊस-तंबाखूच्या पैशाने हलती आहेत. तिथे बस लावली की ती भरते. तिथली अडचण गर्दीची आणि गळिताच्या हंगामात रस्ता अडवून चालणाऱ्या ऊस-ट्रॅक्टरांची आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे किंवा २०११ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या भीमगडच्या जंगलात, वाड्या लहान आणि एकमेकींपासून दूर आहेत, पावसाळा प्रचंड आहे आणि ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला की पलीकडच्या वाडीला बसच काय, सायकलही मिळत नाही. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. नदीचे पाणी सगळ्या जिल्ह्याला हवे असते, उगमाकडच्या वाडीचा रस्ता मात्र यादीत खाली राहतो. या दोन प्रदेशांच्या मधे बेळगाव शहराभोवतीच्या येळ्ळूर, उचगाव, कंग्राळी, किणये यांसारख्या गावांचा पट्टा आहे, जो दिवसा शहराचा भाग असतो आणि रात्री गाव होतो. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांच्या पाळ्यांवर त्याचे घड्याळ चालते.

या तिन्ही ठिकाणी भरलेली फेरी आणि रिकामी फेरी यांचे प्रमाण वेगळे आहे. म्हणून गाडीचा आकारही वेगळा हवा. बारा मीटर लांबीच्या बसला वळायला सुमारे २४ मीटर व्यासाची जागा लागते. पश्चिमेकडच्या किती वाड्यांत एवढी सपाट जागा आहे, हे ज्याने तिथे गाडी वळताना पाहिली आहे त्याला सांगायला नको. कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो, कोणाच्या तरी गोठ्याचा कुड मागच्या चाकाला घासतो, गोठ्याची मालकीण बाहेर येऊन जे बोलते ते इथे लिहिण्यासारखे नसते, आणि अखेर गाडी वाडीत न येता दीड किलोमीटर आधीच्या फाट्यावरून परतू लागते. गावाची बस बंद झाली अशी तक्रार होते तेव्हा अनेकदा मूळ कारण गोठा आणि देऊळ यांच्यातल्या तीन मीटर जागेत असते. तिथे नऊ मीटरची लहान बस चालते. पण लहान बस म्हणजे कमी आसने आणि ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार मात्र तेवढाच, त्यामुळे प्रवाशामागचा खर्च वाढतो. ही देवघेव टाळता येत नाही, ती समजून करावी लागते.

शून्य रुपयांचे तिकीट

जिल्ह्यातील सरकारी बससेवा वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ चालवते. हुबळीत मुख्यालय असलेले हे महामंडळ १९९७ मध्ये स्वतंत्र झाले आणि बेळगाव व चिकोडी असे त्याचे दोन विभाग या जिल्ह्यात आहेत. ११ जून २०२३ रोजी कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि राज्यातील रहिवासी महिलांचा साध्या सरकारी बसमधील राज्यांतर्गत प्रवास मोफत झाला. मोफत हा शब्द प्रवाशापुरता खरा आहे. कंडक्टर आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचे तिकीट फाडतो आणि त्या तिकिटांच्या हिशेबावर सरकार महामंडळाला भरपाई देते.

आमच्याकडच्या अनेक बायका अजूनही कंडक्टरला म्हणतात, पैसे द्यायचे नाहीत तर कागद कशाला? तो कागद जरूर घ्यावा. तिकिटाच्या यंत्रात कोणत्या थांब्यावर, किती वाजता, किती माणसे चढली याची नोंद होते आणि आपल्या फाट्यावर प्रवासी आहेत याचा आगाराकडे असलेला तो जवळजवळ एकमेव पुरावा असतो. फेरी कमी करायची की वाढवायची हे ठरवताना समोर तो कागद असतो, आपली गरज नसते.

या नोंदीत एक मोठी फट आहे आणि ती आमच्या मुलांना भोवते. वर्षाचा किंवा सहामाहीचा पास काढलेल्या विद्यार्थ्याला रोज तिकीट मिळत नाही, त्यामुळे रोजच्या उत्पन्नात तो दिसत नाही. सकाळी साडेसातच्या बसमध्ये ७० मुले दारापर्यंत लोंबकळत असली, तरी उत्पन्नावरून काढलेल्या भारमानात ती गाडी निम्मी रिकामी ठरू शकते. म्हणून गावकरी जीव मुठीत धरून प्रवास केल्याचे सांगतात आणि कागद म्हणतो की फेरी तोट्यात आहे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. पासधारकांनीही गाडीत चढताना यंत्रावर कार्ड टेकवावे आणि त्याची नोंद व्हावी, एवढी सोय केली तर हा वाद बराचसा मिटेल. नव्या बसपेक्षा ही सोय आधी व्हावी असे मला वाटते.

वडाप का भरते

सरकारी बसच्या बाजूला आपल्या भागात वडाप आहे. जीप, ट्रॅक्स, क्रूझर, टमटम, जे चाक मिळेल त्यावर चालणारी ही वाहतूक भरल्याशिवाय सुटत नाही आणि हीच तिची ताकद आहे. वेळापत्रक नसल्यामुळे तिला रिकामी फेरी जवळजवळ ठाऊक नसते. बारा माणसांची जीप लिटरला बारा किलोमीटर जात असेल तर माणशी अठरा-एकोणीस ग्रॅमवर येते, म्हणजे भरलेल्या बसच्या थोडीच वर. केवळ धुराचा हिशेब केला तर वडाप हा खलनायक ठरत नाही.

कायद्याचा हिशेब वेगळा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात प्रवासी वाहतुकीचे दोन मुख्य परवाने आहेत. टप्पा वाहतुकीच्या परवान्यावर गाडी ठरलेल्या मार्गावर वाटेत माणसे चढवत-उतरवत जाऊ शकते. कंत्राटी परवान्यावर ती एका गिऱ्हाइकाला इथून तिथे नेऊ शकते, वाटेत माणसे भरू शकत नाही. वडापच्या बहुतेक गाड्यांकडे दुसरा परवाना असतो आणि त्या काम पहिल्याचे करतात. त्यामुळे कारवाईची टांगती तलवार कायम राहते, ड्रायव्हर एका फेरीत जास्तीत जास्त माणसे कोंबतो, मागच्या शिडीवर दोघे उभे राहतात आणि अपघात झाला की विम्याचा प्रश्न उभा राहतो. शिवाय वडाप सकाळ-संध्याकाळची दाट साय खाते आणि दुपारचे, रात्रीचे, म्हाताऱ्याचे, पासवाल्या मुलाचे पातळ ताक बससाठी ठेवते. बसचे भारमान त्यामुळे आणखी उतरते, फेरी बंद होते आणि मग वडापशिवाय कोणी उरत नाही.

या भांडणातून एक वाट आहे आणि ती नवी नाही. मोठ्या रस्त्यावर बस आणि फाट्यापासून वाडीपर्यंत लहान वाहन, अशी कामाची वाटणी करून त्या लहान वाहनाला रीतसर टप्प्याचा परवाना द्यायचा. परवाने देणारे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली काम करते, त्यामुळे हा निर्णय बेंगळूरपर्यंत न जाता जिल्ह्यात सुरू होऊ शकतो. विजेवर चालणाऱ्या प्रवासी वाहनांना तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवान्याच्या अटीतूनच सूट दिली आहे. दीड-दोन किलोमीटरच्या फाटा-वाडी अंतरासाठी विजेची तीनचाकी हे आजचे सर्वांत व्यवहार्य वाहन आहे. चढ असेल तर तिची दमछाक होते हे खरे, पण ती तर आपलीही होते.

यात यश एका बारीक गोष्टीवर अवलंबून असते: फाट्यावर बदली करताना किती थांबावे लागते. माणूस पंचवीस मिनिटे गाडीत बसून राहील, पण पावसात दहा मिनिटे फाट्यावर उभा राहिला की मोटारसायकलच्या हप्त्याचा विचार करू लागतो. स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभर जे वेळापत्रक राबवले, त्याचे तत्त्व इतकेच होते की गाड्या ठरावीक अंतराने, दर तासाला त्याच मिनिटाला धावाव्यात आणि जोडस्थानकावर त्या एकाच सुमारास येऊन एकमेकींच्या प्रवाशांना घेऊन एकाच सुमारास निघाव्यात. खानापूरला हे तत्त्व लावणे अशक्य नाही. जांबोटी, नंदगड, लोंढा आणि बेळगाव या चारही बाजूंच्या गाड्या तासाच्या त्याच दहा मिनिटांत बस स्थानकात उभ्या राहिल्या, तर गाड्या न वाढवताही पोहोच वाढते. मिरज-लोंढा लोहमार्गावर देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी ही स्थानके आहेत, पण रेल्वेची वेळ आणि बसची वेळ एकमेकींना विचारून ठरत नसल्यामुळे स्थानकाबाहेर पडलेल्या प्रवाशाला पुन्हा रिक्षाच शोधावी लागते.

हद्द ओलांडताना

इथवरचे सारे कोणत्याही ग्रामीण जिल्ह्याला लागू पडेल. आपल्या भागाला आणखी एक गाठ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका त्यातून वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला. कागदावरची रेषा बदलली, माणसांचे पाय मात्र जुन्याच वाटेने चालत राहिले. चंदगडच्या माणसाला मोठा दवाखाना, कॉलेज आणि लग्नाचा बस्ता यांसाठी जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ पडते. उलट दिशेने बेळगाव तालुक्यातील कुद्रेमनी आणि आसपासच्या गावांतील तरुण हद्दीपलीकडच्या शिनोळी येथील औद्योगिक वसाहतीत कामाला जातात.

मोटार वाहन कायद्याच्या ८८ व्या कलमानुसार एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. त्यासाठी दोन राज्ये परस्पर करार करतात आणि कोणत्या मार्गावर कोणाच्या किती गाड्या, किती फेऱ्या, किती किलोमीटर हे त्यात ठरते. म्हणून बेळगाव-चंदगड मार्गावर एक जादा फेरी हवी असेल तर ते एका आगार व्यवस्थापकाच्या हातात उरत नाही. दोन्ही महामंडळे आपापले वेळापत्रक स्वतंत्रपणे आखतात. दोन गाड्या पाठोपाठ सुटल्या तर दोन्ही निम्म्या भरतात आणि पुढचा दीड तास रस्ता मोकळा राहतो. इथे नवी गाडी, नवा करार काहीही नको, दोन आगारांनी एका टेबलावर बसून वेळा वाटून घेतल्या तरी पुरे. सीमाप्रश्नाचा निकाल लागेपर्यंत यासाठी थांबण्याचे कारण नाही. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, फाट्यावरची माणसे फाट्यावर आहेत.

भाड्याचेही दोन कायदे आहेत. समजा, शिनोळीची एक मुलगी कुद्रेमनीला दिली आहे. लग्नानंतर तिच्या आधार कार्डावर कर्नाटकातला पत्ता आला, म्हणून बेळगावला जाताना तिला कर्नाटकाच्या बसमध्ये शून्य रुपयांचे तिकीट मिळते. शेजारच्या आसनावर बसलेल्या तिच्या आईला पूर्ण तिकीट काढावे लागते, कारण तिचा पत्ता महाराष्ट्रातला. आई महाराष्ट्राच्या एसटीने आली तर मार्च २०२३ पासून महिलांना लागू असलेली निम्म्या भाड्याची सवलत तिला मिळते, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आणि पुढच्या टप्प्याला पूर्ण भाडे. मायलेकींनी एकत्र यायचे ठरवले तर कोणत्या गाडीने यावे याचा हिशेब करायला तिसरे माणूस लागते. याचा परिणाम भारमानावरही होतो: माणसे जवळची गाडी सोडून सवलतीच्या गाडीची वाट पाहतात.

पाटीचाही प्रश्न आहे. गाडीच्या कपाळावरची पाटी केवळ एका लिपीत असेल तर ती लिपी न येणारा म्हातारा माणूस प्रत्येक गाडीला हात करून विचारतो, आणि गाडी थांबेपर्यंत कधीकधी ती निघूनही जाते. भाषेचा वाद बाजूला ठेवून करता येण्यासारखा उपाय म्हणजे मार्गांना क्रमांक देणे. शहरातल्या बसला क्रमांक असतो, गावाच्या बसला का नसावा? अंक तेवढे सर्वांना वाचता येतील असे हवेत.

विजेची बस गावात झोपेल का

आता त्या हिरव्या बसकडे वळू. मोठी विजेची बस किलोमीटरमागे साधारण एक युनिट वीज घेते. देशातील सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आकडे सांगतात, कारण आपली बरीच वीज अजून कोळशाची आहे. म्हणजे सरासरी विजेवर धावणारी बस किलोमीटरमागे ७०० ग्रॅमच्या आसपास जाते आणि डिझेलच्या ५४० ग्रॅमपुढे ती जिंकत नाही. डिझेल खणून, शुद्ध करून, टँकरने आणण्याचा हिशेब त्यात मिळवला तर दोघी जवळजवळ येतात. कर्नाटकात जलविद्युत, पवन आणि सौर विजेचा वाटा मोठा असल्यामुळे इथे पारडे विजेकडे झुकते, दिवसा सूर्याच्या विजेवर गाडी चार्ज केली तर चांगलेच झुकते. धूर आणि आवाज नाहीसा होतो हा फायदा तर निर्विवाद आहे, आणि घाट उतरताना ब्रेकमधून थोडी वीज परत मिळते हा चोर्ल्याच्या वाटेवरच्या गाड्यांना जास्तीचा लाभ.

अडचण किमतीची आणि मुक्कामाची आहे. विजेची बस डिझेल बसच्या दुपटीहून महाग असते, म्हणून महामंडळे ती सहसा विकत न घेता कंपनीकडून किलोमीटरच्या दराने भाड्याने घेतात. अशा करारात रोजच्या ठरावीक किलोमीटरची हमी असते. गाडी तेवढी धावली नाही तरी पैसे द्यावे लागतात. शहरात दिवसभर फिरणाऱ्या गाडीला ते परवडते. सकाळी एक, संध्याकाळी एक फेरी करून दुपारभर उभ्या राहणाऱ्या गावच्या गाडीला ते महाग पडते. दुसरे असे की विजेची बस रात्री आगारात चार्ज करावी लागते. म्हणजे वस्तीची गाडी बंद आणि ते ६४ रिकामे किलोमीटर पुन्हा सुरू.

यावर उपाय चार्जर गावात नेण्याचा आहे. रात्रीचे आठ तास मिळत असल्यामुळे वेगवान आणि महाग चार्जर लागत नाही, वीस-पंचवीस किलोवॅटचा संथ चार्जर लहान बसला पुरतो. त्यासाठी रात्रभर न तुटणारी तीन फेजची वीज हवी. शेतीच्या पंपांना तीन फेजची वीज ठरावीक तासच मिळते, ती इथे कामाची नाही. पिठाची गिरणी किंवा पाणीपुरवठ्याचा पंप ज्या वाहिनीवर चालतो, त्यावरच हा चार्जर बसवावा लागेल. पावसाळ्यात तार तुटली की पश्चिमेकडच्या गावांत दोन दिवस अंधार असतो, हे लक्षात घेता मी पहिली विजेची वस्तीची गाडी निपाणी-चिकोडीकडच्या मोठ्या गावात पाठवीन आणि जंगलपट्टीत डिझेलची लहान बस आणखी काही वर्षे ठेवीन.

गावाच्या हातात काय आहे

केरळने जुलै २०२२ मध्ये ग्रामवंडी नावाची योजना सुरू केली. ज्या मार्गावर महामंडळाला तोटा होतो, तिथे गाडी, कर्मचारी आणि दुरुस्ती महामंडळाची, डिझेलचा खर्च ग्रामपंचायतीचा, आणि मार्ग व वेळ ठरवण्यात पंचायतीचा शब्द चालतो. आपल्या पंचायतींकडे केरळातल्या पंचायतींएवढा पैसा नाही, त्यामुळे ही योजना जशीच्या तशी उचलून चालणार नाही. पण चार-पाच पंचायतींनी मिळून एका मार्गाचा तोटा वाटून घेण्याची कल्पना आपल्याला पेलणारी आहे. पैशाऐवजी वस्तूरूपाने वाटा उचलता येतो, आणि तिथे पुन्हा वस्तीची गाडी येते.

मुक्कामाच्या फेऱ्या टिकवायच्या असतील तर शाळेच्या व्हरांड्यावर भागणार नाही. आज कंडक्टरच्या कामावर स्त्रियाही आहेत, आणि कडी लागणारी खोली, पाण्याचा नळ व स्वच्छ शौचालय नसलेल्या गावात कोणी त्यांना मुक्कामाला पाठवू नये. एक पक्की खोली, दोन खाटा, मच्छरदाण्या, गाडीवर रात्रभर उजेड राहील असा एक दिवा, एवढे पंचायतीला जमते. जेवणाची व्यवस्था आमच्या गावात घरे पाळीने करीत. रताळ्यांच्या हंगामात भाकरीबरोबर उकडलेली रताळी जात आणि एक ड्रायव्हर ती गाडीत ठेवून सकाळी स्टेअरिंगमागे बसून खात असे, त्याच्या हातांचा तो गोडसर वास आम्हा पुढच्या बाकावरच्या मुलांना बेळगावपर्यंत येई.

शाळांच्या वेळांचे काम तर फुकटातले आहे. एका मार्गावरच्या सगळ्या शाळा-कॉलेजे एकाच वेळी भरत असतील तर त्या एका तासासाठी चार गाड्या लागतात आणि उरलेला दिवस त्या उभ्या राहतात. कॉलेज आठला आणि हायस्कूल साडेनऊला भरले तर दोन गाड्या दोनदा जाऊन तेच काम करतात. मुख्याध्यापक, प्राचार्य आणि आगार व्यवस्थापक यांनी जूनच्या आधी एकदा भेटावे एवढीच अट आहे. जवळच्या शाळेसाठी सायकल उत्तम. कर्नाटकाने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या तेव्हा फाट्यापर्यंतचे चालणे किती वाचले ते आम्ही पाहिले आहे.

जादा फेरीसाठी अर्ज करायचा असेल तर त्याआधी आठवडाभर फाट्यावर एक वही ठेवावी. सकाळी सहा ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाला किती माणसे उभी होती, त्यांपैकी किती पासधारक, किती जण वडापने गेले, किती जणांना कोणी मोटारसायकलवर उचलले, हे दहावी-बारावीची मुले सहज लिहू शकतात. बाजाराचा दिवस आणि अमावास्या वेगळी लिहावी, कारण त्या दिवसांचे आकडे नेहमीचे नसतात. त्या वहीची प्रत, वळणाच्या जागेचे मीटरमध्ये माप आणि मुक्कामाच्या खोलीबद्दल पंचायतीचा ठराव, असे तीन कागद जोडून अर्ज आगार व्यवस्थापकाला द्यावा आणि त्याची प्रत विभागीय नियंत्रकाला पाठवावी. मार्गात दुसऱ्या राज्याची हद्द येत असेल तर तीच प्रत पलीकडच्या आगारालाही द्यावी, आणि पोहोच दोन्हीकडून घ्यावी.